दादासांचा चहा आणि बहिरी ससाणा

आमच्या घरात कबुतरांसाठी दोन कायदे होते. गच्चीवर आली तर पाहुणी, खाली अंगणात उतरली तर चोर. घर आणि डाळ मिल एकाच कुंपणात, जळगावच्या औद्योगिक भागात. मिलच्या मागे सिमेंटचं मोठं अंगण, त्यात साल सुटावं म्हणून तेलपाणी लावलेली तूर उन्हात पसरलेली असायची. माझे आजोबा, म्हणजे दादासा, रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकत. शंभर पंख एकदम फडफडत, आणि दादासा हात जोडून उभे राहत, जणू पंगत वाढून झाली आहे. तीच कबुतरं ज्वारी संपली की तूर चाखायला खाली जात. तिथे मिलचे राखणदार शांताराम आबा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बसलेले असत. ढण ढण ढण. सगळा थवा पुन्हा वर. एकाच कबुतराला वर पुण्य मिळवून देणं आणि खाली पिटाळणं यात कुणाला काही खटकत नसे. "वरचं त्यांचं, खालचं आपलं," असं दादासा म्हणत. कबुतरांना हे कुणी समजावलं नव्हतं एवढंच.

मी तेव्हा फार बोलत नसे. इंग्रजी शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, बाहेर मराठी चुकेल म्हणून गप्प, घरी मारवाडीत बोलताना मध्येच इंग्रजी शब्द घुसतो आणि काकू, म्हणजे काकीसा, हसतात म्हणून गप्प. (घरातलं बोलणं इथे मी मराठीत लिहिते आहे; ते तसंच्या तसं लिहायला आजही धीर होत नाही.) हळूहळू गप्प राहणं हाच माझा स्वभाव आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं. याचा एक फायदा असतो. गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात, आणि गप्प माणसावर कशाचाच संशय घेत नाहीत. हा फायदा त्या वर्षी मी पुरेपूर वापरला.

बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी मी ड्रॉप घेतला होता. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथे माझं टेबल, पुस्तकं आणि एक खुर्ची. मम्मी-पप्पा दिवसभर मिलच्या ऑफिसात, त्यामुळे घरावर राज्य काकीसांचं. मिल सुरू झाली की टेबलावरची पेन्सिल आपोआप सरकायला लागायची. चाळण्यांचा खळखळाट, पट्ट्याची फटफट, आणि सगळ्यावर बसलेली तुरीची पिवळी धूळ. खाखऱ्यावर तूप लावलं तरी त्यात तूर लागायची. वीज गेली की सगळं एकदम थांबायचं आणि मग फक्त कबुतरांचं घुमणं ऐकू यायचं. मी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडून त्या घुमण्याकडे कान लावून बसायचे. अभ्यास चालू आहे असं खालून वाटत असे.

दिवाळीनंतर एका सकाळी वीज गेली आणि घुमणं आलं नाही. मी बाहेर येऊन पाहिलं तर कबुतरं होती, पण सगळी कठड्याला चिकटून, मान आखडून, शाळेत इन्स्पेक्शन असल्यासारखी. कुंपणाबाहेरच्या मोबाइल टॉवरवर, वरून दुसऱ्या आडव्या पट्टीवर, एक पक्षी बसला होता. कावळ्याएवढा, छाती पुढे, पाठ ताठ. हा इतका स्वस्थ बसला होता की तोच टॉवरचा मालक आहे असं वाटावं.

खाली आबांना दाखवला. आबांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि निकाल दिला, "घार शे."

"घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते, आबा. याची नाही."

"मंग खाच बुजी गई व्हई. घारच शे, ताई. मी लहानपनपासून दखी ऱ्हायनू."

मला तेव्हा बटणांचा फोन दिलेला होता, अभ्यासासाठी. आता फोटो काढला की फोनच नाव सांगतो. माझी पोरगी बुलबुललासुद्धा फोन दाखवते. माझ्याकडे शाळेत बक्षीस मिळालेलं पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि भरपूर वेळ, जो खरं म्हणजे रसायनशास्त्राचा होता. आधी मी त्याला शिक्रा ठरवलं. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. हा उडाला तेव्हा पंख कोयत्यासारखे टोकदार निघाले, शेपटी तोकडी. शिक्रा बाद. मग खरुची. खरुची हवेत एका जागी फडफडत थांबते. हा एकदाही थांबला नाही. शिवाय अंगाने दुप्पट. मग उरले ससाणे. लग्गर ससाणा तपकिरी असतो, डोक्याला तांबूस झाक असते. याची पाठ पाटीच्या दगडासारखी करडी होती, छाती पांढरट, तिच्यावर बारीक आडव्या रेघा, आणि डोळ्यांखालून गालावर उतरलेल्या जाड काळ्या मिशा. त्या मिशांवर मी दोन दिवस अडले, कारण शाहीन ससाण्यालाही त्या असतात. पण शाहीन खालून विटकरी, आणि तो डोंगरकड्यांत बाराही महिने राहणारा. आमचा दिवाळीनंतर आला होता आणि खालून फिका. बहिरी ससाणा. थंडीत उत्तरेकडून येतो, उन्हाळा लागायच्या आत जातो, आणि जगात त्याच्याहून वेगाने कुणी खाली येत नाही, असं पुस्तकात होतं. मी ते वाक्य परत परत वाचलं आणि खाली जेवायला गेले. कुणाला काही सांगितलं नाही. माझं असं त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी होतं.

भानगड झाली ती मुंगोड्यांमुळे. थंडीत काकीसा मुगाची डाळ वाटून तिचे बोराएवढे सांडगे जुन्या साडीवर टाकून गच्चीवर वाळवत. वर्षभराची बेगमी. एका सकाळी दादासांची ज्वारी टाकून झाली होती, खाली आबांचा डबा वाजला, थवा वर उठला, आणि डोक्यावर 'फट्' असा आवाज झाला, उशी आपटल्यासारखा. मग हवेतून पिसं तरंगत आली. शांतपणे, एकेक. आणि साडीच्या बरोब्बर मधोमध रक्ताचे तीन थेंब.

काकीसांनी साडीसकट सगळी मुंगोडी टाकून दिली आणि तीन वेळा आंघोळ केली. मग जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी निकाल जाहीर केला. गच्ची बंद. वरची खोली बंद. "गुड्डीला धुळ्याला तिच्या मामाकडे पाठवा. तिथे क्लासही चांगला आहे. इथे ती नुसती आभाळाकडे बघते." गुड्डी म्हणजे मी; मामा न्यायला येईपर्यंत मला वर बसायची सूट होती, आणि दादासांच्या ज्वारीला अडवायची हिंमत कुणात नव्हती. धुळ्याला माझ्या तीन मामी होत्या, त्या तिघी एकदम बोलत, आणि घर तळमजल्यावर. खिडकीतून समोरच्या बँकेची भिंत दिसे. (शेवटी लग्न होऊन मी धुळ्यालाच आले, तो भाग निराळा. बँक अजून आहे.)

दादासांना मुंगोडीचं काही नव्हतं. ते कोपऱ्यात उभे राहून पिसं बघत होते. आपल्याच ज्वारीवर जमलेलं कबूतर आपल्याच डोक्यावर मेलं, म्हणजे ज्वारी टाकून आपण त्याला मरायला बोलावलं, असा त्यांनी हिशेब मांडला. त्यांनी हात जोडले आणि तिथल्या तिथे पच्चखाण घेतलं. पच्चखाण म्हणजे आम्हा जैनांतला त्यागाचा नेम. एकदा तोंडातून निघाला की मोडत नाही. "ज्या सकाळी माझ्यासमोर कबूतर जिवानिशी जाईल, त्या दिवशी मला चहा नाही."

हे ऐकून काकीसांचाही चेहरा उतरला. दादासांना कांदा नको, बटाटा नको, रात्रीचं जेवण नको, पण चहा हवा. सूर्योदयानंतरचा ठरलेला वेळ होईपर्यंत ते पाणीही घेत नसत, आणि मग पहिला कप गच्चीवरच, कबुतरांचं खाणं बघत. त्या कपावर आमचं घर चाललेलं होतं. चहाशिवायचे दादासा वीजबिल मोठ्याने वाचत. मिलमध्ये जाऊन सगळ्यांचं तोलणं पुन्हा तोलायला लावत. एकदा त्यांनी काकासांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाला, पन्नाशीच्या माणसाला, सगळ्यांसमोर पाढे विचारले.

म्हणून काकासांनी उपाय काढला. ससाण्याला मारणं तर सोडाच, त्याच्याकडे खडा भिरकावणंही आमच्या घरात शक्य नव्हतं. पण आवाजाला हिंसा म्हणत नाहीत. काकासा दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब घेऊन आले. रोज सकाळी कानटोपी घालून, उदबत्ती हाताच्या टोकाला धरून ते गच्चीच्या कोपऱ्यात वाकत, वात पेटली की धोतर सावरत जिन्यात पळत. धडाम. सगळी कबुतरं आभाळात. आणि त्यांच्या मागून, वरून, तो. फट्. दादासा डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत. काकासा जिन्यातून विचारत, "गेला का?" गेलेलं नेहमी कबूतर असे.

दुसऱ्या दिवशी दोन बॉम्ब. तिसऱ्या दिवशी आबांनी खालून डब्याची साथ दिली. दादासांना आठवडाभर चहा मिळाला नाही.

मी खोलीच्या दारातून बघत होते आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं. ससाणा बॉम्बला घाबरत नव्हता. तो बॉम्बची वाट बघत होता. काकासांनी उदबत्ती पेटवली की तो पट्टीवर सरकून बसे, पिसं अंगाशी आवळून घेई, आणि कधी कधी आधीच उडून वर, सूर्याच्या बाजूला जाऊन तयार राही. कबुतरं ज्वारी टिपत खाली बसलेली असताना त्याने एकदाही त्यांना हात लावला नव्हता. त्याला ती उडालेली हवी होती. तो हवेतच मारतो. त्या वेगाने बसलेल्यावर आला तर जमिनीवर आपटून स्वतःच संपेल. कबूतर आभाळात नेऊन द्यायचं काम आमचं घर करत होतं, खाली डब्याने आणि वर बॉम्बने.

हे सांगायला हवं होतं. मी जेवताना दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा काकीसा म्हणाल्या, "वरण हवं का?" दुसऱ्यांदाही त्यांनी वरणच वाढलं. तेव्हा मी सांगायचं सोडून दिलं आणि करायला घेतलं.

सुतळी बॉम्ब बादलीत बुडवून पत्र्यावर वाळवला की बाहेरून होता तसाच दिसतो. आठव्या दिवशी काकासांनी वात पेटवली, पळाले, कानात बोटं घातली. फुस्स. दुसरा. फुस्स, थोडा धूर. कबुतरांनी मान वर करून काकासांकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागली. काकासा म्हणाले, "शिळा माल दिला." पण त्या सकाळी कबूतर मेलं नव्हतं आणि दादासांच्या हातात कप होता, त्यामुळे दोन दिवसांत त्यांचं मत बदललं. ससाण्याला धुराचा वास सहन होत नाही, असं ते पाहुण्यांना सांगू लागले.

राहिले आबा. त्यांना भेटायला मी दुपारी गेले तेव्हा ते जेवत होते. डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडे वांगं चालत नाही, त्यात बिया फार म्हणून. त्या हिवाळ्यात आबांच्या डब्यातलं भरीत मी किती वेळा खाल्लं ते आबांना आणि मला माहीत होतं.

"आबा, सकाळी डबा जरा थांबून वाजवाल का?"

"काब?"

"दादासांचा चहा होईपर्यंत."

"अन् तवपावत कबूतर तूर खाई गयात म्हंजे? तुना काका मालेच बोलतीन."

"तूर थोडी उशिरा पसरा ना. ऊन तरी कुठे असतं तेव्हा."

आबा बराच वेळ घास चावत राहिले. मग म्हणाले, "भरीत कशे शे आज?"

"चांगलं आहे."

"हां. मंग तू बी कोनले सांगू नको, मी बी नही सांगत."

असं ठरलं. दादासांचा चहा झाला, ते सामायिकाला, म्हणजे सकाळच्या ध्यानाला, खाली गेले, की मी रिकामा कप कठड्यावर उपडा ठेवायचा. आबांनी कप बघायचा आणि डबा वाजवायचा. दादासांना चहा मिळाला, तूर वाचली, आणि ससाण्याला थोडं उशिरा का होईना वाढलं गेलं. मी रोज दारात उभी राहून बघायचे. त्याचा नेम चुकतो, फार वेळा चुकतो, हे मला तेव्हा कळलं. चुकला की तो टॉवरवर येऊन बसे आणि पंखांतली पिसं चोचीने उगाच सारखी करत राही, जणू काही घडलंच नाही. तो मला सगळ्यात जास्त तेव्हा आवडायचा.

धुळ्याचं मात्र टळलं नव्हतं. काकीसांनी मामांना फोन केलेलाच होता. ते रविवारी न्यायला येणार होते. मी बॅग भरली, आणि पुस्तकांच्या मध्ये पक्ष्यांचं पुस्तक ठेवलं, जे तिथल्या भिंतीसमोर काही कामाचं नव्हतं.

शुक्रवारी मी कप उपडा ठेवायला गेले तर दादासा खाली गेलेच नव्हते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उपडा का ठेवतेस रोज?"

मी कप मागे घेतला.

"तू कप उपडा ठेवतेस आणि खाली डबा वाजतो. बेटा, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात माझी हयात गेली. खूण मला कळते."

मग मी बोलले. मारवाडीत सुरुवात केली, मध्ये मराठी, मग इंग्रजी. जी भाषा हाताला लागेल ती. मिशा, पंख, शाहीन का नाही, उत्तरेकडून येतो, हवेतच मारतो. दादासा मालाची प्रत ऐकावी तसे ऐकत होते, मान खाली, डोळे बारीक.

"बसलेल्याला हात नाही लावत?"

"नाही."

"का? दया?"

"नाही. आपटेल म्हणून."

"म्हणजे तोही जिवाला भितो." त्यांनी टोपी सारखी केली. "आणि आपण धडाम धडाम करून त्याला ताट वाढत होतो."

"हो."

"मग ते बॉम्ब फुसके निघाले..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेही तूच."

मी कठड्याकडे बघत राहिले. ते उठले आणि जिना उतरले. शनिवारी दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. गच्ची गेलीच, आता आबाही बोलणी खाणार, असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी मी शेवटचं म्हणून वर बसले होते. दादासांनी ज्वारी टाकली. हात जोडले. वेळ झाली तशी खालून चहा आला, आल्याचा, वाफाळता. त्यांनी कप उचलला, वास घेतला आणि माझ्यासमोर सरकवला.

"आज मला नको."

"अजून कुठे काही झालंय, दादासा."

"इतके दिवस माझ्या डोक्यावर ते होत होतं आणि मी डोळे मिटून उभा," ते म्हणाले. "मी त्याला एकदाही पाहिलं नाही." आणि मग, टॉवरकडे बघत, अगदी हळू: "आबाला दिसेल असा ठेव."

मी गरम चहाचा कप उपडा कसा ठेवणार? तो घाईघाईने पिऊन टाकला, जीभ पोळली, आणि कप कठड्यावर उपडा ठेवला.

ससाणा पट्टीवर सरकला. खाली ढण झालं. थवा उठला, वळला, उन्हात एकदम पांढरा झाला. "वर," मी म्हणाले, "सूर्याच्या डावीकडे," आणि दादासांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं. एक ठिपका. तो ठिपका पंख मिटून पडायला लागला. पडतच राहिला. मग आवाज आला, नवं मांजरपाट एका झटक्यात फाडल्यासारखा, आमच्या डोक्यावरून, आणि दादासांची टोपी हलली. शेवटच्या क्षणी एका राखाडी कबुतराने अंग तिरपं केलं. एक पीस सुटलं, एवढंच. ससाणा मिलच्या पत्र्यापर्यंत खाली जाऊन कमानीसारखा वर आला, टॉवरवर बसला आणि पिसं सारखी करू लागला.

दादासा डोळे मिटायला विसरले होते. तोंड उघडं, दोन्ही हात कठड्यावर.

"वाचलं," मी म्हणाले. "कबूतर वाचलं, दादासा. तुमचा चहा सांगू खाली?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला, मला त्यांच्या कपाळावर तो दिसत होता.

"वाचलं ते त्याच्या पंखांनी. त्यात आपलं काय? आपण तर बघायला म्हणून त्याला उडवलं." ते म्हणाले. "नको."

जिन्यातून काकीसांचा आवाज आला. "गुड्डी, मामा एरंडोलच्या पुढे आलेत. बॅग खाली आण. आणि दादासांचा कप दे."

मी उठले. दादासांनी मला हाताने खाली बसवलं, स्वतः जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, "तिच्या मामांना जेवू घालून परत पाठवा. गुड्डी येत नाही. आणि उद्याही माझा चहा ठेवू नका."